वाट क्रमांक तीन

पाटीवर लिहिलंय : लांबी अडीच किलोमीटर, दर्जा सोपा,
नदी डाव्या हाताला राहील.
ही पाटी मीच रंगवली, मे महिन्यात,
एका हाताने डास मारत.

राष्ट्रीय उद्यानात मी कनू भाड्याने देते.
वल्ही मोजून देते, मोजून घेते,
लाइफ जॅकेटांचे पट्टे ओढून बघते
आणि शहरातून आलेल्यांना सांगते
की पाणी घाण नाही, फक्त चहासारखं आहे,
वर दलदलीत स्प्रूसची मुळं भिजतात म्हणून.
मिगमाक लोक हिला म्हणतात लांब भरत्यांची नदी.
समुद्र आत येतो तो पार पुलापर्यंत,
ओळखीच्या पाहुण्यासारखा, चपला न काढता.

बाबा इथे कधी येत नसत.
'घरात शिरायला तिकीट?' एवढंच म्हणत
आणि रेडिओचा आवाज वाढवत.
चौदाव्या वर्षी देल्फीस बारियोच्या हातात
एक कोंबडी होती आणि भिंतीवरचं घड्याळ,
पाठीमागे सरकारी बुलडोझर.
बाकी मला कुणी सांगितलं नाही.
मी पहिल्यांदा युनिफॉर्मवर जेवायला बसले
तेव्हा त्यांनी मीठ मागितलं, माझ्याकडे न बघता.

या सप्टेंबरात एका मंगळवारी,
गर्दी ओसरल्यावर, ते धक्क्यावर उभे.
रबरी बूट, खिशात सुरी.
'भरती कितीला?' विचारलं,
जणू मला माहीत असेल आणि त्यांना नसेल.

वल्हं त्यांनी मागितलं नाही, घेतलं.
तासभर आम्ही बोललो नाही.
वल्ह्यावरून ओघळणारं पाणी तेवढं बोललं,
तेही तुटक.

तिसऱ्या वाटेला एक वळण आहे, उगाचच.
नदी सरळ, जमीन सपाट, आड झाडसुद्धा नाही,
तरी वाट तिथे कोपर काढते.
मी लोकांना सांगत आले, जुनी भूरचना असावी.
काठाला लागल्यावर बाबा हसले. 'ब्रुनेत,' म्हणाले.
'आमची गाय. इथे एक ओंडका पडला होता.
ओंडका कुजून गेला, तिला ते पटलं नाही.
तिच्यामागून आम्ही,
आमच्यामागून तुमचे इंजिनियर.'

घर होतं तिथे मांडीएवढे बर्च.
ते तिकडे गेलेच नाहीत.
नेच्यांच्या पलीकडे रुबार्ब उभा होता,
जून झालेल्या लाल देठांचा, कुणाला न विचारता वाढलेला.
उद्यानातली वनस्पती तोडणं गुन्हा आहे,
दोन भाषांत लिहिलंय. तीही पाटी माझीच.
सुरी उघडल्याचा आवाज झाला.
मी आकाशात मोरघार शोधू लागले.
बराच वेळ शोधली.

एवढ्यात ओहोटीने गाठलं.
कनू गाळात बसली म्हशीसारखी.
मी उतरले. दोरी खांद्यावर,
पाणी मांडीपर्यंत, मग पोटरीपर्यंत.
बाबा आत, मांडीवर आंबट देठांची मोळी.
'डावीकडे घे. कालवं आहेत, पाय कापेल.
आता उजवीकडे. हा झेफिरँचा खड्डा.
इथे तळ घट्ट, हिवाळ्यात बर्फावरून
इथूनच घोडा पलीकडे न्यायचो.'
यातलं एकही नाव माझ्या नकाशात नाही.
दोनदा ते चुकले. दोनदा मी कंबरेपर्यंत गेले,
आणि शिवी त्यांनी नदीला दिली,
एवढ्या वर्षांत जागा का बदललीस म्हणून.

धक्क्यावर अंधार. बॅटरी दातांत धरून
मी नोंदवही भरली.
कनू एक, परत. वल्ही दोन, परत.
नुकसान नाही.
प्रवेश परवाना क्रमांक :
पेन थांबलं. बाहेर बाबा गाडीचा हॉर्न वाजवत होते,
भूक लागली होती त्यांना.
मी लिहिलं, ब्रुनेत.